साथीला कुणी उरलं नव्हतं

२ नोव्हेंबर १९४४च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात, सहा-सात वाक्यांचा एक मजकूर छापून आला. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात येत आहे आणि तो कशासाठी, एवढंच त्यात सांगितलं होतं. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. जन्म १६ नोव्हेंबर १९२१चा, मृत्यू १० जुलै १९४४ला इटलीत. वयाची तेवीस वर्षं पुरी व्हायला चार महिने बाकी होते.

फौजेत अशा मजकुराला सायटेशन म्हणतात. रसग्रहण करायचं ते कवितेचं, कथेचं, फार तर एखाद्या चित्राचं, अशी आपली सवय. सरकारी राजपत्रातल्या परिच्छेदाचं कसलं रसग्रहण? पण यशवंत घाडग्यांच्या बाबतीत मला हाच मजकूर पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. त्यांच्यावर भाषणं झाली आहेत, लेख आले आहेत, त्यांचा पुतळा उभा आहे. या सगळ्याच्या मुळाशी आहेत ती ही सहा-सात वाक्यं. घटनेनंतर चार महिन्यांच्या आत छापलेली, प्रसंगाला अगदी लागून असलेली. पुढच्या सगळ्या गौरवात विशेषणं वाढत गेली. मुळात विशेषणं जवळपास नाहीतच, आणि तरी माणूस तिथंच सगळ्यांत स्पष्ट दिसतो.

वाचण्याआधी जागा समजून घेतली पाहिजे. १९४४च्या जूनमध्ये रोम पडलं आणि जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. हटताना त्या प्रत्येक टेकडी, प्रत्येक दरी लढवत होत्या, कारण मागे डोंगररांगांत त्यांची पुढची संरक्षणफळी बांधून व्हायची होती आणि त्यासाठी त्यांना दिवस हवे होते. रोमवरून वाहणारी टायबर नदी वर उत्तरेला उंब्रियाच्या डोंगरांतून येते. त्या वरच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन पुढे सरकत होती. तिचे सेनापती मेजर जनरल डेनिस रीड. हे नाव मुद्दाम घेतो, कारण तीनच वर्षांपूर्वी इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत याच रीड यांनी याच पलटणीचं, पाचव्या मराठाच्या तिसऱ्या बटालियनचं, नेतृत्व केलं होतं. म्हणजे टायबरच्या खोऱ्यात ही पलटण आपल्या जुन्या साहेबाच्याच हाताखाली लढत होती. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमधून तयार होऊन आलेली सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, कुलाब्याची पोरं. त्यातले एक नाईक घाडगे.

आता मजकूर. पहिल्या वाक्यात एक कंपनी आहे, म्हणजे शंभराच्या वर माणसं. ही कंपनी शत्रूच्या मजबूत ठाण्यावर हल्ला करते. दुसऱ्या वाक्यात नजर त्या कंपनीतल्या एका सेक्शनवर येते. रायफल सेक्शन म्हणजे दहाएक जणांची तुकडी, तिचा प्रमुख नाईक. या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा होतो. वाक्य संपेपर्यंत सेक्शनमधला प्रत्येक जण मेलेला किंवा जखमी झालेला असतो, एक प्रमुख सोडून. शंभर, मग दहा, मग एक. दोन वाक्यांत लिहिणाऱ्याने आपल्याला या एकापाशी आणून उभं केलं आहे. त्याने हे कलेच्या जाणिवेनं केलं असेल असं मी म्हणणार नाही. पलटणीतल्या कुणा अधिकाऱ्याने घडलेलं क्रमानं लिहून काढलं असेल, वरच्या कचेऱ्यांत ते घासूनपुसून घेतलं असेल. पण घटनेचाच आकार असा होता, की ती नीट सांगितली की तिचं हे निमुळतं रूप आपोआप उभं राहतं.

तिसरं वाक्य या मजकुराचं काळीज आहे. जराही न कचरता घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले, असं त्यात सांगितलं आहे. एवढंच असतं तर हे वाक्य इतर शेकडो प्रशस्तींसारखं झालं असतं. पण मध्ये एक तुकडा आहे: आपल्याबरोबर यायला आता कुणीही उरलेलं नाही, हे पक्कं ठाऊक असताना. शेवटच्या वाक्यात हीच गोष्ट पुन्हा येते. वाचण्याची आशा जवळपास नाही, हे त्यांना कळत होतं, असं तिथं म्हटलं आहे. इतक्या तोकड्या मजकुरात त्यांच्या समजण्याबद्दल दोनदा बोललं गेलं. त्यांच्या रागाबद्दल, आवेशाबद्दल, सूडाबद्दल एक अक्षर नाही.

हे फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. रणातल्या शौर्याचं आपलं ठरलेलं चित्र भान हरपलेल्या माणसाचं असतं. डोळ्यांत रक्त उतरलं, देहभान विसरला, आणि तुटून पडला. घाडग्यांचा मजकूर याच्या उलट दिशेला जातो. भान पूर्ण शाबूत आहे. मागे वळून पाहिलं आहे, किंवा पाहायची गरजच नव्हती, कारण आवाज थांबले होते. हिशेब झाला आहे. आणि हिशेब झाल्यावर पाऊल पुढे पडलं आहे. पळसगावच्या बावीस वर्षांच्या नाईकाला इतका वेळ मिळाला तरी कुठून, असं वाटेल. क्षणभराचाच असेल तो वेळ. पण मजकूर लिहिणाऱ्याने त्या क्षणावर बोट ठेवलं, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत.

पुढे तीन कृती येतात आणि तिन्हींत अंतर कमी होत जातं. आधी ग्रेनेड. तो वीस-पंचवीस पावलांवरूनही फेकता येतो. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी झाले. मग टॉमी गन. ही आखूड पल्ल्याची, जवळ गेल्यावरच कामाची बंदूक. तिने मशीनगन चालवणाऱ्या त्या टोळक्यातला एक पडला. आता दोघे राहिले, आणि बंदुकीची मॅगझिन रिकामी झाली. टॉमी गनची वीस किंवा तीस गोळ्यांची मॅगझिन घोडा दाबून धरला तर दोन-तीन सेकंदांत संपते. नवी बसवायची तर रिकामी काढायची, पट्ट्याच्या थैलीतून भरलेली ओढायची, खाचेत सरकवायची. सरावाच्या हातालाही काही सेकंद लागतात, आणि समोर दोन माणसं हाताच्या अंतरावर. मजकूर म्हणतो, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं.

नुकतीच गोळ्या झाडलेली नळी तापलेली असते. उघड्या हाताने ती धरली की तळवा भाजतो. मजकुरात हे नाही, असायची गरजही नाही. ‘नळीकडून धरली’ एवढं सांगितलं की ज्याने कधी बंदूक हाताळली आहे त्याला पुढचं कळतं. अशा जागी हा मजकूर मला थोर वाटतो. चांगला कथाकार जसा एखादी वस्तू फक्त समोर ठेवतो आणि बाजूला होतो, तसं इथं घडलं आहे.

मारलेल्या माणसांची संख्याही मजकूर लपवत नाही. एक चालवणारा, एक गोळीने पडलेला, दोन दस्त्याखाली आलेले. चार माणसं. त्यांनाही घरं असतील. प्रशस्तीत याचा विचार नसतो, पण वाचणाऱ्याने तो करायला हरकत नाही. त्याने घाडग्यांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट हातघाई म्हणजे काय, ते किती जवळून आणि किती जड हाताने करावं लागतं, हे लक्षात येतं, आणि ‘शौर्य’ हा शब्द आपण भाषणात किती सहज वापरतो तेही.

मग येतं सहावं वाक्य. सरकारी भाषेत क्वचितच दिसणारी एक हळहळ त्याच्या सुरुवातीला आहे. दुर्दैवाने, असं म्हणून मजकूर सांगतो, की शत्रूच्या लपून नेम धरणाऱ्या बंदूकधाऱ्यांनी घाडग्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने काबीज केलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

छातीत आणि पाठीत. पोवाड्यापासून शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेपर्यंत आपल्याकडे वीराची जखम छातीवरच असते. पाठीवरची जखम म्हणजे पळ काढल्याची खूण. एखाद्या उत्साही चरित्रकाराने ती पाठ गाळूनच टाकली असती. राजपत्राने ती ठेवली, आणि ती ठेवल्यामुळेच खरी परिस्थिती कळते. समोरूनही गोळी आली आणि मागूनही आली, याचा अर्थ ते शत्रूच्या माणसांमध्ये इतके आत गेले होते की त्यांच्या चारी बाजूंना शत्रूच होता. मागे आपलं कुणी नव्हतंच. ते तिसऱ्या वाक्याने आधीच सांगून ठेवलं आहे. पाठीतली ती गोळी या मजकुरातला सगळ्यांत मोठा पुरावा आहे.

एक प्रश्न मात्र हा मजकूर वाचताना सुटत नाही. साथीला कुणी उरलं नव्हतं, घाडगे तिथंच गेले, मग हे सगळं सांगितलं कुणी? व्हिक्टोरिया क्रॉससाठी डोळ्यांदेखत पाहिलेल्यांच्या साक्षी लागतात. सेक्शनमधले सगळेच मेले नव्हते. मजकूर म्हणतो, मेले किंवा जखमी झाले. तेव्हा मला असं वाटतं, की त्या उतारावर रक्ताळून पडलेल्या कुणीतरी मान वर करून आपल्या नाईकाला जाताना पाहिलं असलं पाहिजे. किंवा बाजूच्या सेक्शनमधल्या कुणी. नंतर इस्पितळातल्या खाटेवरून त्याने ते सांगितलं असेल: आधी ग्रेनेड टाकला, मग गोळी मारली, मग बंदूक उलटी धरली. हा क्रम कल्पनेतून येत नाही. या मजकुराचे खरे लेखक ते आहेत, आणि त्यांची नावं त्यात नाहीत.

नाईक हा हुद्दा बाहेरच्याला किरकोळ वाटतो. दंडावर दोन फिती. पण सेक्शनच्या शिपायांसाठी पलटण म्हणजे नाईकच. कर्नल दिसतो परेडला, सुभेदार दिसतो अडचणीला. नाईक चोवीस तास सोबत असतो. कुणाच्या पायाला फोड आलेत, कुणाला घरून चिठ्ठी आली नाही, कुणाची रायफल अडते, कोण रात्री पहाऱ्यावर पेंगतो, हे त्याला माहीत असावं लागतं. दहा जणांच्या घरातला थोरला भाऊ. त्या दिवशी त्या घरातले नऊही जण डोळ्यांपुढे पडले. ते पडल्यावर मशीनगन तशीच चालू राहिली असती, तर जमिनीवर पडलेल्या जखमींचं काय झालं असतं हे सांगायला नको. घाडगे धावले ते ठाणं घेण्यासाठी, हे मजकूर सांगतो. ते मागच्या जखमींसाठीही धावले, हे मजकूर सांगत नाही. पण दुसऱ्या वाक्यानंतर लगेच तिसरं वाक्य वाचलं की तसं वाटल्याशिवाय राहत नाही.

या मजकुराशेजारी दुसरा एक ठेवून वाचावा. मराठा लाइट इन्फंट्रीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. दुसरा नामदेव जाधव यांचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातलं निमज हे त्यांचं गाव, पाचव्या मराठाची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. हे साधे शिपाई होते, कंपनीचे निरोपे. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीच्या बांधावर त्यांच्या सोबतचे जवळजवळ सगळे पडले. त्यांनी दोन जखमींना एकामागून एक पाण्यातून, सुरुंगांतून उचलून मागे आणलं, मग परत जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. हाताला जखम झाल्यावर टॉमी गन टाकून दिली आणि ग्रेनेडवर काम भागवलं. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं.

दोन्ही प्रसंग एका साच्यातले वाटतात. सोबती पडले, एक उरला, मशीनगन बंद पडली. पण वाचताना फरक कानाला जाणवतो. जाधवांच्या मजकुरात आवाज आहे. शिवाजी महाराजांच्या नावाची ती गर्जना नदीपलीकडे पोचली आणि तिला उत्तर म्हणून माणसं आली. घाडग्यांच्या मजकुरात माणसाचा आवाज कुठंच नाही. ज्यांना हाक द्यायची ते उत्तर देण्याच्या अवस्थेत नव्हते. एकाची कथा हात हलवून पुढे बोलावण्याशी संपते, दुसऱ्याची काबीज केलेल्या ठाण्यात एकट्याच्या मरणाशी.

आणि आणखी एक गोष्ट. नोंदीप्रमाणे जाधवांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१चा. घाडग्यांपेक्षा बरोबर दोन दिवसांनी लहान. जाधव परत आले. त्यांना पुढे जवळपास चाळीस वर्षं मिळाली. १९८४च्या ऑगस्टमध्ये ते गेले. स्वातंत्र्य पाहिलं, संयुक्त महाराष्ट्र पाहिला, बहात्तरचा दुष्काळ पाहिला, समारंभांत छातीवर पदक लावून बसले, म्हातारे झाले. निवृत्त फौजी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो असा माणूस. गावातला ‘सुभेदार’ किंवा ‘हवालदार’, वय झालं तरी ताठ चालणारा, पेन्शनच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तालुक्याला जाणारा, नातवंडांना बूट पॉलिश करायला शिकवणारा. रायगडच्या डोंगरपट्ट्यात आणि खाडीकाठच्या गावांत अशी माणसं घरोघर होती, अजूनही आहेत. महाड तालुक्यातल्या आंबवड्याला तर लोक फौजी आंबवडे म्हणूनच ओळखतात; पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात. यशवंत घाडग्यांच्या वाट्याला हे सगळं आलं नाही. त्यांचा निवृत्त काळ नाही. त्यांची आठवण काढायची तर जे जगून झालं तेवढ्याचीच काढायची, आणि ते बावीस वर्षांचं.

त्या बावीस वर्षांत घर होतं. त्यांचं लग्न झालं होतं. राजपत्राला बायको माहीत नाही, तिथं फक्त एक भारतीय नाईक आहे. पण पदक कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, आणि ते त्यांच्या विधवेच्या हातात देण्यात आलं. व्हाइसरॉय फील्ड मार्शल वेव्हेल यांनी दिल्लीत ते तिला दिलं. माणगाव तालुक्यातल्या खेड्यातली एक कोवळी विधवा आणि समोर हिंदुस्थानचा व्हाइसरॉय, स्वतः युद्धात डोळा गमावलेला सेनानी. तिथं काय बोललं गेलं असेल? मला वाटतं, फारसं काहीच नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि येत असती तरी सांगण्यासारखं वेव्हेलांकडे राजपत्रातलंच होतं.

१० जुलै हा दिवस आमच्या रायगडात लावणीचा. मृगात पेरलेला राब हातभर झालेला असतो, चिखलणी झालेली असते, बाया इरली पाठीवर घेऊन वाकलेल्या असतात, एक मूठ सुटते आणि दुसरी हातात येते. घरातला कर्ता पुरुष फौजेत असेल तर त्याच्या वाटणीचा औत दीर नाही तर भाऊबंद धरतात, आणि मुठी त्याच्या बायकोच्या हातच्या. त्या दिवशी पळसगावच्या शिवारात पाऊस होता की उघडीप, मला माहीत असायचं कारण नाही. पण वर्षाचं ते काम तेव्हा चालू होतं, आणि काही तास मागे असलेल्या घड्याळाच्या देशात, कोरड्या उन्हाळ्यात, ही गोष्ट घडत होती. तार यायला किती दिवस लागले असतील याचा विचार केला की वाटतं, बातमी पोचली तेव्हा लावणी उरकलीही असेल.

या आठवणीत एक अवघड जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. घाडगे ज्या झेंड्याखाली लढले तो परक्यांचा होता. १९४२च्या सप्टेंबरात याच कुलाबा जिल्ह्यात महाडच्या कचेरीवर नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली मोर्चा गेला होता, गोळीबार झाला होता, माणसं पडली होती. एकाच जिल्ह्यातली पोरं एकीकडे इंग्रजी सत्तेच्या गोळ्या खात होती आणि दुसरीकडे तिच्याच फौजेत जर्मन गोळ्या. पुढे कित्येक वर्षं आपण पहिल्यांचं नाव मोठ्याने आणि दुसऱ्यांचं जरा खालच्या आवाजात घेतलं. मला हा भेद पटत नाही. कोकणातला शेतकऱ्याचा मुलगा पलटणीत जाई तो पगारासाठी, घराण्याच्या रिवाजासाठी, गावात मान मिळावा म्हणून. आणि समोर नाझी फौज होती. ती हरली पाहिजे होती. महाडच्या मोर्चातल्यांना आणि टायबरच्या खोऱ्यातल्यांना एकाच श्वासात आठवायला आपली छाती पुरेशी रुंद हवी.

माणगावात तहसील कचेरीजवळ घाडग्यांचा पुतळा आहे. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला समुद्रावर जाणाऱ्या गाड्या याच गावातून वळतात. बहुतेकांना चहा-वड्याची घाई असते. स्थानिक लोक मात्र त्यांचं नाव घेतात ते ‘वीर यशवंतराव घाडगे’ असं. राजपत्रात फक्त ‘यशवंत’ आहे. बावीस वर्षांच्या पोराला राव म्हणत नाहीत. तो मान वयाने, संसाराने, चारचौघांत बसल्याउठल्याने मिळतो. जगू न शकलेली वर्षं तालुक्याने त्यांना त्या दोन अक्षरांत देऊन टाकली आहेत. दगडात घडवलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा मला ही अधिक मोलाची वाटते.

इटलीत त्यांची समाधी नाही. कॅसिनो इथल्या स्मारकावर, ज्यांचं दफन कुठं झालं ते ठाऊक नाही अशा चार हजारांवर सैनिकांच्या नावांत त्यांचं नाव आहे. इटलीच्या त्या मोहिमेत भारतीय फौजेचे २३,७२२ जण मृत वा जखमी झाले, त्यांतले ५,७८२ मेले. इटलीत दिले गेलेले व्हिक्टोरिया क्रॉस वीस. त्यांतले सहा भारतीय सैनिकांचे. हे आकडे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसे कुणाला भेटले नसतील. उंब्रियातल्या लोकांना मात्र विसर पडला नाही. टायबरच्या वरच्या खोऱ्यात मोंतोने नावाचं एक जुनं तटबंदीचं गाव आहे. पंधराव्या शतकात गाजलेला भाडोत्री फौजांचा सेनापती ब्राच्चो इथला. परक्यासाठी लढणारा शिपाई म्हणजे काय, हे या गावाला शतकांपासून माहीत आहे. जुलै २०२३मध्ये या गावाने यशवंत घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभारलं. अनावरणाला भारताच्या राजदूत आणि इटलीच्या सैन्याचे लोक होते.

हे स्मारक पुतळा नाही, सूर्यघड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो, अशा अर्थाचं लॅटिन वचन त्याचं ब्रीद म्हणून ठरवलं आहे. स्मारक म्हणून ही कल्पना मला फार मोठी वाटते. पुतळा त्या एका क्षणाला कायमचं थांबवून ठेवतो: उगारलेला हात, उचललेलं पाऊल. सूर्यघड्याळ काहीच थांबवत नाही. त्यावर सकाळ होते, दुपार होते, सावली फिरते. घाडग्यांना न मिळालेले तास तिथं रोज मोजले जातात, आणि ते मोजले जातात त्या गावच्या माणसांसाठी, ज्यांच्या आजोबांच्या शेतातून ही लढाई गेली. शिवाय एक गमतीचा नव्हे, गंभीर योगायोग आहे. हेच घड्याळ माणगावात ठेवलं असतं तर १० जुलैला त्यावर बहुधा सावली पडलीच नसती. कोकणात त्या दिवसांत सूर्य बहुतेक ढगांमागे असतो. एकाच सूर्याखाली असूनही जुलैत टायबरच्या खोऱ्यात लख्ख ऊन आणि पळसगावावर आभाळ, हे त्या ब्रीदातलं अधोरेखित न केलेलं सत्य आहे.

घाडग्यांची तिसरी बटालियन युद्धानंतर हवाई छत्रीधारी झाली, आणि पुढे दुसरी पॅराशूट बटालियन या नावाने ओळखली गेली. ११ डिसेंबर १९७१ला आजच्या बांगलादेशातल्या टांगाइलजवळ आकाशातून उतरून पुंगलीचा पूल काबीज केला तो हिनेच. राजपत्रातल्या त्या मजकुराचा वारसा असा चालत राहिला.

माणगावच्या पुतळ्यापाशी शाळेची मुलं आणली आणि त्यांना मूळ मजकुरातलं एकच वाक्य सांगायचं असं ठरलं, तर बहुतेक जण दस्त्याने मारण्याचं वाक्य निवडतील. ते थरारक आहे, मुलांना आवडेलही. मी तिसरं निवडीन. आपल्याबरोबर यायला कुणीही उरलेलं नाही हे कळलेला नाईक, आणि त्याचं त्यापुढचं पाऊल. मग मुलांना विचारीन, सेक्शनमधल्या इतर नऊ जणांची नावं काय असतील, कुठल्या गावची असतील ती माणसं. रायगडातल्या आणि रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत जुन्या ट्रंकांत पितळी बिल्ले, फिती लावलेली पदकं आणि पिवळे पडलेले पेन्शनचे कागद आहेत. ते बघायला ही मुलं घरी गेली पाहिजेत, आणि आजी जिवंत आहे तोवर तिला विचारून त्या कागदांवर नावं लिहून घेतली पाहिजेत.